बिननावाचं तण

आपण न पेरलेलं जे जे शेतात उगवतं, त्या सगळ्याला ‘तण’ म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय आता आपल्या अंगी मुरलीय. कृषी दुकानात जा, औषधाच्या बाटलीवर दोनच जाती लिहिलेल्या असतात : रुंद पानाची तणं आणि अरुंद पानाची तणं. झालं वर्गीकरण! माणसांची शिरगणती करताना ‘उंच’ आणि ‘बुटके’ एवढंच लिहून घेतलं, तर कसं होईल? पण रानातल्या हिरव्या लोकांची मोजदाद आपण तशीच करतो आणि त्याला शास्त्रीय शेती म्हणतो.

माझं भांडण तणनाशकाशी नाही. मजूर मिळत नाही, पाऊस उघडीप देत नाही, तेव्हा माणूस काय करणार? माझं भांडण आहे ते नाव पुसण्याशी. आणि नाव कोण पुसतं, तर दोघं मिळून. एक तो शिकलेला, जो म्हणतो, गावठी नावाला काही अर्थ नाही, लॅटिन नाव तेच खरं. दुसरा आपल्यातलाच, जो म्हणतो, त्या लॅटिनचं आपल्याला काय करायचंय, आपल्या वाडवडलांना सगळं ठाऊक होतं. दोघंही चूक आहेत, हे मी एका वीतभर झाडावरून दाखवतो.

भादव्यात माळावर, बांधावर, बाजरीच्या काकरीत एक बारकं झाड येतं. उंची वीत-दीड वीत. पानं साधी. पानांच्या बेचक्यात पिवळी फुलं, पानाआड लपलेली. उभ्यानं दिसत नाहीत, भांगलायला बसलं म्हणजे दिसतात. आमची आई त्याला फुटाणी म्हणायची. पुस्तकांतही फुटाणी आणि नेगली अशी नावं सापडतात. शास्त्रातलं नाव पॉलिगॅला अर्व्हेन्सिस. अर्व्हेन्सिस म्हणजे नांगरटीच्या रानातली. म्हणजे लॅटिनमध्येसुद्धा ती शेतकऱ्याचीच!

आता पॉलिगॅला या शब्दाची गंमत बघा. तो ग्रीक शब्द आहे. पॉली म्हणजे पुष्कळ, गाला म्हणजे दूध. पुष्कळ दूध. इंग्रजीत या झाडांना मिल्कवर्ट म्हणतात, तेही दुधावरूनच. पण फुटाणीची काडी मोडून बघा, दुधाचा थेंब निघत नाही. आपल्याकडं दुधी म्हणून जमिनीलगत वाढणारं झाड आहे, ते मोडलं की पांढरा चीक हाताला लागतो. त्याला दुधी म्हणणं समजतं. मग हिला दूधवाली का म्हणायचं? तर युरोपातल्या गुराख्यांची समजूत अशी, की हे झाड गाईनं खाल्लं की दूध वाढतं. ते नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्याच्या ग्रंथात गेलं. पुढं स्वीडनच्या लिनियसनं 1753 साली जगातल्या झाडांचा मोठा ग्रंथ छापला, ‘स्पेसीज प्लँटॅरम’ म्हणतात तो, त्यात त्यानं तेच नाव कायम केलं. आज जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ तेच नाव लिहितात. कुळाचं नावही त्यावरूनच पडलं, पॉलिगॅलेसी. हजाराच्या आसपास जातींचं कूळ, आणि त्याच्या कपाळावर गुराख्याची एक समजूत!

मी म्हणतो, यात वाईट काही नाही. उलट मला ते आवडतं. पण मग आमच्या गुराख्यानं दिलेलं नाव अडाणी आणि त्यांच्या गुराख्यानं दिलेलं शास्त्रीय, हा न्याय कुठला? ग्रीक कपडे घातले म्हणून गुराखी पंडित होत नाही, आणि धोतर नेसला म्हणून अडाणीही होत नाही. दोघांनी केलं ते एकच. गुरं चारताना खाली बघितलं, फरक ओळखला आणि नाव ठेवलं.

इंग्लंडात याच कुळातल्या एका झाडाला जुन्या काळी मिरवणुकीचं फूल म्हणत. उन्हाळ्याच्या तोंडाला तिथं गावातली माणसं पाद्र्याला घेऊन शिवेवरून फिरत, पिकं चांगली यावीत म्हणून प्रार्थना करत. त्या आठवड्यात ते फुलतं, मुली त्याचे गजरे करून मिरवणुकीत नेत, म्हणून ते नाव. जेरार्ड नावाच्या माणसानं 1597 साली झाडपाल्याचं पुस्तक काढलं, त्यात त्यानं ते लिहून ठेवलं. चारशे वर्षं झाली, नाव अजून वाचायला मिळतं, कारण कुणीतरी लिहिलं. आमच्याकडं शिवेवर नारळ फुटतो, बांधावर नैवेद्य जातो, त्या वेळी पायाखाली काय फुललेलं असतं, ते कुणी लिहून ठेवलंय?

अमेरिकेतली गोष्ट याहून बोलकी. तिथल्या सेनेका नावाच्या मूळ रहिवाशांना या कुळातलं एक मूळ ठाऊक होतं. साप चावल्यावर ते वापरत. 1730 च्या दशकात व्हर्जिनियातल्या टेनंट नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं ते त्यांच्याकडून घेतलं, छातीच्या दुखण्यावर वापरलं, युरोपभर गाजवलं. लिनियसनं त्या झाडाला नाव दिलं पॉलिगॅला सेनेगा. त्या लोकांच्या जमिनी गेल्या, पण झाडाच्या नावात ते लोक राहिले. अलीकडं तर शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या अशा बऱ्याच जाती पॉलिगॅलातून वेगळ्या काढून सेनेगा नावाची स्वतंत्र प्रजातीच मानलीय. म्हणजे ज्यांनी ओळखलं, त्यांच्या नावाचा मोठा वाटा झाला. आता आपल्याकडं या. कास पठारावर भादव्यात पिवळाधमक होणारा आपला कवला. त्याच्या एका जातीची कोवळी भाजी कोकणात, ठाण्याकडं पावसाळ्यात खातात. त्याचं शास्त्रातलं नाव स्मिथिया. हा स्मिथ कोण? लिनियसचा संग्रह विकत घेणारा इंग्रज. भला माणूस असेल, पण त्यानं कवल्याची भाजी काही खाल्ली नव्हती. आणि एवढ्यावर भागलं नाही. आता मुंबई-पुण्याची माणसं फोटो काढायला कासला येतात आणि त्या फुलाला मिकी माऊस म्हणतात. आमचीच गावातली पोरं वाटाड्या म्हणून उभी असतात, तीही सांगतात, ‘साहेब, ते बघा मिकी माऊस.’ इंग्रजांनी नाव कागदावर बदललं होतं, तोंडातलं नाव शिल्लक होतं. ते आपण पाहुण्यांना खूश करायला स्वतःहून सोडून दिलं.

आता दुसऱ्या बाजूला वळतो. आपल्यातल्या त्या लोकांकडं, ज्यांना वाटतं की पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, लॅटिन हवं कशाला. त्यांना मी एकच विचारतो, शंखपुष्पी कुठली? एक वैद्य निळी बारकी फुलं असलेली वेल दाखवतो, दुसरा पांढऱ्या फुलांची, तिसरा गोकर्णीला शंखपुष्पी म्हणतो, चौथा आणखी कशाला. चार झाडं, चार कुळांतली नाहीत तरी तीन कुळांतली, आणि नाव एक. रास्नाचंही तेच. दुधी म्हटलं तर माझ्या घरात भोपळा शिजतो आणि रानात चीक निघतो. नाव गावाच्या वेशीपर्यंत चालतं, वेशीबाहेर गेलं की अडखळतं. औषध म्हणून मूळ द्यायचं असेल तर असं अडखळणं जिवावर बेतू शकतं. म्हणून जगात सगळीकडं एकच चालेल असं नाव लागतं. ते लॅटिन आहे, असू दे. त्या भाषेचा आता कुणी मालक नाही, हाच तिचा गुण.

पण त्या लॅटिन नावाला देवाचा शब्द मानू नका. तेही बदलतं. हीच फुटाणी घ्या. इंग्रज काळातल्या पुस्तकांत, हूकरच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या ग्रंथात आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रिन्सिपल राहिलेल्या थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या ग्रंथात तिचं नाव आहे पॉलिगॅला चायनेन्सिस. म्हणजे चिनी! पुढं ध्यानात आलं की लिनियसनं ज्याला चायनेन्सिस म्हटलं ती झाडं वेगळी, आणि आपली ती विल्डेनोव यानं नाव दिलेली अर्व्हेन्सिस. झाड तिथंच, माझ्या बांधावर. पुस्तकात मात्र ती चिनी होती, मग नांगरटीतली झाली. माझी आई सगळा काळ तिला फुटाणीच म्हणत होती.

कुळाचंही असंच. फुटाणीचं फूल दुरून हरभऱ्या-मटकीच्या फुलासारखं दिसतं. दोन पंख, मध्ये होडीसारखी पाकळी. माणूस म्हणेल, कडधान्याच्या घरातलीच असणार. जवळ घेऊन बघा. मटकीच्या फुलात पंख असतात त्या पाकळ्या. फुटाणीचे पंख म्हणजे पाकळ्या नव्हेतच. फुलाच्या बाहेरची जी पाच हिरवी पानं असतात, निदलं म्हणतात त्यांना, त्यातली आतली दोन मोठी होऊन पंखासारखी झालेली. पाकळ्या तीनच, आणि होडीच्या टोकाला झालरीसारखा तुरा. कडधान्याच्या फुलात केसर दहा, हिच्यात आठ. शेंग म्हणाल तर शेंग नाहीच. चपटी, गोलसर बोंडी, दोन कप्पे, कप्प्यात एकेक केसाळ बी. बियाच्या टोकाला पांढरा मऊ कोंब असतो, त्याच्या लोभानं मुंग्या बी ओढून नेतात आणि वारुळाशी टाकतात. म्हणजे हिची पेरणी मुंग्या करतात.

लिनियसनं केसर मोजून झाडांचे वर्ग केले, तेव्हा त्यानं ही आणि कडधान्यं एकाच वर्गात, शेजारशेजारच्या गटांत ठेवली, आठवाली आणि दहावाली. पुढच्या पंडितांनी म्हटलं, हे दिसणं वरवरचं आहे, रचना वेगळी आहे. त्यांनी हिला उचलून लांब नेलं. बेंथम आणि हूकर यांनी लांब ठेवलं, कुकनं त्यांचंच गिरवलं, विसाव्या शतकात क्रॉन्क्विस्टनं हिच्यासाठी वेगळा गणच ठेवला. मग पेशीतलं डीएनए वाचायची विद्या आली, आणि 1998 साली शास्त्रज्ञांच्या गटानं नवी मांडणी केली, तेव्हा ही परत कडधान्यांच्याच गणात येऊन बसली. फुलाचा सारखेपणा वेगळ्या वाटेनं आलेला, पण भाऊबंदकी खरी निघाली. भाऊ वेगळे राहिले, चुली वेगळ्या झाल्या, पण सातबारा काढला तर मूळ पुरुष एकच, तसं.

मला यात शास्त्राची नाचक्की दिसत नाही. मोठेपणा दिसतो. नवा पुरावा आला की ते जुनं नाव, जुनी जागा सोडून देतं, आणि का सोडलं ते लिहून ठेवतं. 2024 साली माद्रिदला जगातले वनस्पतिशास्त्रज्ञ जमले, तिथं त्यांनी मतदान करून ठरवलं, की आफ्रिकेतल्या काळ्या माणसांना दिलेली एक शिवी जी दोनशेवर झाडा-बुरशींच्या नावात शिरली होती, ती काढायची आणि तिथं आफ्रिकेचं असं सांगणारा शब्द घालायचा. म्हणजे नावात माणसाचा मान-अपमान असतो, हे त्यांनाही पटलंय. आपल्यालाच अजून पटायचंय.

हे सगळं सांगायचं कारण आता येतं. 2002 साली आपल्या देशात जैवविविधतेचा कायदा झाला. त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि त्या समितीनं गावच्या लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही करायची, असं ठरलं. कल्पना फार चांगली. माधव गाडगीळांसारख्या माणसांनी त्यासाठी आयुष्य घातलं. गावात काय उगवतं, त्याला काय म्हणतात, कशाला वापरतात, हे गावानं स्वतः लिहायचं. उद्या कुणा कंपनीनं त्या झाडावर पैसा कमावला तर गावाचा वाटा मागायला आधार नको का?

आणि झालं काय? वर्षानुवर्षं कुणी वही उघडली नाही. मग हरित लवादानं बडगा उगारला, 31 जानेवारी 2020 ची मुदत आली, आणि सगळीकडं धावाधाव सुटली. आमच्या गावात एका संस्थेची दोन पोरं मोटरसायकलवर आली. वैशाखात. रान भाजून निघालेलं, बांधावर काडी नाही. पंचायतीच्या ओसरीत बसून विचारायला लागली, ‘काका, झाडांची नावं सांगा.’ मी म्हटलं, ‘बाबांनो, भादव्यात या, सांगायची गरज पडणार नाही, दाखवतो.’ तर म्हणाला, ‘काका, मुदत आहे. स्थानिक नावाचा रकाना रिकामा चालत नाही, काहीतरी सांगा.’ मी भांगलणीला जाणाऱ्या बायकांना बोलवा म्हटलं, तर ‘समितीच्या सदस्यांनाच विचारायचंय’ म्हणाला. सदस्य सगळे पुरुष नव्हते, पण त्या दिवशी ओसरीवर होते ते सगळे पुरुष, आणि त्यातल्या निम्म्यांनी दहा वर्षांत खुरपं हातात धरलेलं नाही.

पुढं वही छापून आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर मोर. उघडून बघतो तर आमच्या गावच्या झाडांत तिवर! तिवर खाडीच्या खाऱ्या चिखलात येतं. आमचं गाव सह्याद्रीच्या पूर्वेला, खाडी बघायची तर घाट उतरावा लागतो. म्हणजे कुठल्यातरी कोकणच्या गावाची वही उचलून आमच्या गावाचं नाव घातलेलं. फुटाणी नव्हती. नेगली नव्हती. ‘इतर गवत व तणे’ अशी एक ओळ होती. कायद्यानं गावाला दिलेल्या वहीत गावाची झाडं अशी एका ओळीत गुंडाळलेली. पंचायतीत मी बोललो, तर एक शिकलेला गृहस्थ म्हणाला, ‘तुमचं शिक्षण दहावी, यातलं तुम्हाला काय कळतं?’ तिवर कुठं येतं हे कळायला दहावीसुद्धा लागत नाही. डोळे लागतात.

लोक म्हणतील, फुटाणीसारख्या फुटकळ झाडानं एवढं काय अडलंय? मला सांगा, फुटकळ कोण ठरवणार? सेनेका लोकांचं मूळही युरोपवाल्यांना एके काळी फुटकळच होतं. याच कुळातल्या काही झाडांची मुळं चुरगाळली तर दुखऱ्या अंगाला चोळायच्या मलमासारखा वास येतो, आणि तो वास ज्या द्रव्याचा, तेच द्रव्य त्या मलमात असतं. आज ज्याचा उपयोग ठाऊक नाही त्याला निरुपयोगी म्हणणं ही आपल्या डोळ्यांची कमतरता झाली, झाडाची नव्हे. आणि उपयोग नसला तरी काय? ते आपल्या आधीपासून इथं आहे. शेजाऱ्याचं नाव विचारायला तो आपल्या कामाचा असावा लागत नाही.

नावं कोण सांभाळत होतं, तेही नीट बघा. बायका. भांगलताना पाठीला पाठ लावून बसायच्या, हात चालायचा, तोंड चालायचं. नवी सून चुकून बाजरीचं रोप उपटायची, मग सासू दाखवायची, हे ठेवायचं, हे काढायचं, हे गुरांना, हे भाजीला, हे हाताला खाजतं. तिथं नाव लागायचंच, नावाशिवाय सांगणार कसं? आता फवाऱ्याच्या पाठीवर बसलेल्या टाकीला नाव लागत नाही. भांगलण गेली की ती शाळाच बंद पडते. आमच्या गावात सत्तरीच्या पुढच्या सात-आठ बाया उरल्यात, ज्या बांधावरून चालता चालता चाळीस-पन्नास झाडांची नावं घेतील. त्यांना कुणी विचारायला आलेलं नाही. त्या गेल्या की वहीतला रकाना कायमचा रिकामा, मग भरा तिवर घालून.

म्हणून माझं मागणं साधं आहे. नोंदवही एका दिवसात भरायची नाही. मृगात एकदा, भादव्यात एकदा, दिवाळीनंतर एकदा, फाल्गुनात एकदा, असं वर्षभर रान फिरायचं. ओसरीवर बसून नाही, बांधावरून. सोबत भांगलणाऱ्या बाया आणि गुराखी घ्यायचे, त्यांना त्या दिवसाची हजेरी द्यायची, कारण ते कामच आहे. ज्यानं नाव सांगितलं त्याचं नाव त्या ओळीत लिहायचं. एका झाडाला दोन वाड्यांत दोन नावं असली तर दोन्ही लिहायची, भांडण लावायचं नाही. झाडाची फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबून सुकवायची, कुठं, कधी मिळाली ते लिहायचं, आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांकडून त्याचं शास्त्रीय नाव तपासून घ्यायचं. ते नाव उद्या बदललं तरी हरकत नाही, सुकवलेली फांदी आणि आईनं सांगितलेलं नाव जागेवर राहील. आणि शाळेतल्या पोरांना वर्षाला दहा झाडं ओळखायला लावायची. त्याला पुस्तक लागत नाही, गुरुजींना शाळेबाहेर यायची परवानगी लागते.

कोची बंदरात साडेतीनशे वर्षांपूर्वी व्हॅन ऱ्हीड नावाच्या डच अधिकाऱ्यानं मलबारातल्या झाडांचा बारा खंडांचा ग्रंथ करवला. पोर्तुगिजांशी लढायला आलेला तो व्यापारी कंपनीचा माणूस. पण त्यानं इट्टी अच्युतन नावाच्या वैद्याला विचारलं, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोंकणी वैद्यांना विचारलं, आणि त्यांची नावं, त्यांच्या हातचं देवनागरीतलं पत्र ग्रंथात छापलं. झाडांची मल्याळी नावं मथळ्याला घातली. त्या ग्रंथातून पुढं लिनियसनं उचललं. परका लुटायला आलेला माणूस जे करून गेला, ते आपल्याच कायद्यानं, आपल्याच पंचायतीत, आपल्याच माणसांसाठी आपण करत नाही.

पुढच्या ग्रामसभेत आपापल्या गावची नोंदवही मागा. ती गावाची आहे, बघायचा हक्क आहे. उघडा, आणि आधी बघा तिच्यात तिवर आहे का. मग बघा, तुमच्या आईनं ज्याला नाव दिलं होतं ते एखादं बारकं झाड तिच्यात आहे का. नसेल तर तिथंच उठून उभं राहून ते नाव मोठ्यानं सांगा, आणि ग्रामसेवकाला म्हणा, लिहा.